लग्नाच्या बारचे अंदाजपत्रक

वांद्र्यातल्या रिसेप्शनच्या बारचे अंदाजपत्रक म्हणजे किती पाहुणे किती पितील हे आधी ठरवून तेवढ्याच बाटल्यांची, बर्फाची, सोड्याची आणि ग्लासांची सोय करणे. ही व्याख्या बरोबर आहे आणि ती आजवर कोणाच्याही उपयोगी पडलेली नाही. पाहुण्यांची संख्या केटररला सांगताना एक असते, बारवाल्याला सांगताना दुसरी आणि विहीणबाईंना सांगताना तिसरी. किती पितील, याची खात्रीची माहिती ज्यांच्याकडे असते ते सगळे या एकाच विषयावर खोटे बोलतात.

असे अंदाज महाराष्ट्रात सगळीकडेच बांधले जातात. दादर-पार्ल्याच्या लग्नात बार असलाच तर तो हॉलमागे उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत असतो. त्याचा खजिनदार नवरदेवाचा कॉलेजातला मित्र असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळे ठाऊक असते आणि ते ठाऊक नाही असे सर्वांनी मिळून ठरवलेले असते. वांद्र्याच्या गावठाणांत, म्हणजे रानवार, चिंबई, पाली, शेर्ली या बाजूंना, असा आडपडदा नाही. इथले मूळचे रहिवासी ईस्ट इंडियन, म्हणजे साष्टी-वसई पट्ट्यातले मराठी बोलणारे कॅथलिक. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतले. त्यांच्या रिसेप्शनला टोस्ट झाल्याशिवाय जेवण उघडत नाहीत आणि टोस्ट पाण्याने करत नाहीत. म्हणून बार हा अंदाजपत्रकातला मानाचा रकाना ठरतो. नवरीचा गाऊन भाड्याचा होता हे लोक आठवड्यात विसरतात. साडेनऊला व्हिस्की संपली होती हे नवरीच्या मुलीच्या लग्नातही सांगितले जाते.

जुनी पद्धत सोपी होती. गावठी दारूत पाणी, साखर, लवंग, दालचिनी आणि गवती चहा घालून पातेल्यात गरम करत, त्याला खिमाड म्हणतात. लहान पेल्यांतून ते सर्वांना मिळे. अंदाजपत्रकाचे एकक पातेले. पाहुणे वाढले की पाणी वाढे आणि तूट गवती चहाच्या वासात बुडून जाई. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि पन्नासच्या दशकात मुंबई राज्यातले प्रत्येक लग्न कागदोपत्री कोरडे झाले. त्या काळातल्या अंदाजपत्रकांत बारचा रकाना नसे, आंटीचा असे. ‘आंटीचा अड्डा’ ही संस्था त्या वेळची. तिच्याविषयी जुनी माणसे अजूनही आवाज खाली आणून भरभरून बोलतात, आणि गिऱ्हाइकांची नावे विचारली की त्यांना ऐकू येईनासे होते.

तो कायदा अजून आहे. महाराष्ट्रात दारू विकली, नेली, साठवली आणि प्यायली जाते ती दारूबंदीच्या कायद्याखाली, परवान्यांच्या आधाराने. म्हणून अंदाजपत्रकातला पहिला आकडा बाटलीचा नसतो, कागदाचा असतो. समारंभासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. त्याशिवाय पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो तो वेगळा: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये, वर्षाचा 100 आणि आजीवन 1000. हा परवाना आरोग्य राखण्यासाठी मिळतो, असे त्यावरच म्हटलेले असते. तेव्हा 300 पाहुण्यांच्या एका संध्याकाळच्या आरोग्याचा खर्च जास्तीत जास्त 1500 रुपये. संपूर्ण अंदाजपत्रकात पैशापर्यंत अचूक काढता येणारी रक्कम एवढी एकच, आणि नेमकी तीच कोणी धरत नाही. आजीवन परवाना 200 रिसेप्शननंतर फुकट पडू लागतो. वांद्र्यात असे काही काका आहेत ज्यांच्याबाबतीत शासन कधीचेच तोट्यात गेले आहे.

“अंकल, तुमचं परमिट आहे ना?”

“हे पोट काय बिनापरमिटचं वाढलंय?”

वयाचा भाग याहून अवघड. लग्नासाठी मुलगा 21 वर्षांचा आणि मुलगी 18 वर्षांची लागते. सौम्य बिअरसाठी वय 21, व्हिस्की आणि रमसाठी 25. म्हणजे 22 वर्षांचा नवरदेव संसार, गृहकर्ज आणि सासू या तिन्ही गोष्टी कायद्याने अंगावर घेऊ शकतो, पण स्वतःच्या रिसेप्शनला एक रम घ्यायला त्याला आणखी तीन वर्षे थांबावे लागते. तोवर त्याला तिची खरी गरज पडू लागलेली असते. नवरी 20 वर्षांची असेल तर तिला बिअरही नाही. गोव्यात हे वय 18 आहे. गोव्यातल्या लग्नांना जाण्यासाठी तरुण मंडळी एवढी उत्सुक का असतात, याचे घरात सांगितले जाणारे कारण मात्र समुद्रकिनारा हे असते.

मुहूर्त कॅथलिक लग्नात पाहत नाहीत असा समज आहे. तो चुकीचा आहे. लेंटच्या उपवासकाळात लग्न होत नाही, नाताळाआधीचा आगमनकाळही शक्यतो टाळतात. उरते ते नाताळनंतर राखेच्या बुधवारापर्यंत, ईस्टरनंतरचे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर. त्यातही शनिवार-रविवार हवा, आणि हॉल मोकळा हवा. एवढ्या चाळण्यांतून पडलेली तारीख मग निवडणूक आयोग पाहतो. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे 48 तास दारूविक्री आणि वाटप बंद ठेवावे, असे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. 2024 मध्ये मुंबईत लोकसभेचे मतदान 20 मे रोजी, सोमवारी झाले. म्हणजे शनिवारची संध्याकाळ आणि रविवार दोन्ही कोरडे गेले. विधानसभेचे मतदान त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला झाले आणि मतमोजणी शनिवारी, 23 नोव्हेंबरला. वर्षभर आधी हॉल धरलेल्या घरांत त्या काळात लोकशाहीबद्दल जे बोलले गेले ते छापण्याजोगे नाही. अशा वेळी काही यजमान रिसेप्शन पुढे ढकलतात, तर काही ‘मॉकटेल काउंटर’ लावतात आणि पाहुणे आहेराचे पाकीट पुन्हा उघडून त्यातली एक नोट काढून घेतात.

तारीख पक्की झाली की सूत्र येते. 300 पाहुणे धरले तर त्यांत 120 न पिणारे: मुले, म्हाताऱ्या, गाडी चालवणारे आणि ‘सोडली’ म्हणणारे. उरलेल्या 180 पैकी 100 जण व्हिस्की-रमचे, 50 बिअरचे, 30 वाइनचे. व्हिस्कीचे माणशी तीन लार्ज, म्हणजे 60 मिलिलिटरचे 300 पेग, म्हणजे 18 लिटर, म्हणजे 24 खंबे, बरोबर दोन पेट्या. बिअरच्या माणशी दोन बाटल्या, एकूण 100. वाइनचे माणशी दोन ग्लास, 150 मिलिलिटरप्रमाणे 9 लिटर, 12 बाटल्या. बर्फ माणशी अर्धा किलो. हिशोब इतका स्वच्छ बसतो की तो लिहून झाल्यावर नवरीचे वडील कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतात, आणि पुढचे तीन महिने तो दर रविवारी मासनंतर चर्चच्या आवारात कोणाला तरी दाखवतात. ज्याला दाखवतात तो कागदाकडे न बघताच मान हलवतो आणि म्हणतो, “कमी पडेल.”

वांद्र्यात हे वाक्य ‘कसे आहात’च्या जागी चालते. ते म्हणणाऱ्याकडे दुसरा आकडा नसतो. ‘जास्त होईल’ असे आजवर कोणत्याही सल्लागाराने म्हटल्याचे ऐकिवात नाही, कारण सल्लागारही निमंत्रित असतो.

सूत्रातली खरी गफलत त्या 120 मध्ये आहे. न पिणारे ही स्थिर जात नसून ती वेळेनुसार बदलते. रात्री आठला पाहिले तर 120 जण न पिणारे असतात, नऊला 85, आणि नवरा-नवरीने पहिला डान्स सुरू केला की 50. ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ म्हणणारे गृहस्थ डॉक्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहेत याची खात्री करून एक घेतात. दुसऱ्या टोकाला डॉक्टर तेच करत असतो. नवरीच्या ऑफिसातली मंडळी येतात, त्यांत गुरुवारी, संकष्टीला आणि श्रावणात न घेणारे असतात. रिसेप्शन नोव्हेंबरातल्या, संकष्टी नसलेल्या शनिवारी असल्यामुळे या तिन्ही सवलती त्या दिवशी लागू नसतात, आणि ते वर्षभराची कसर भरून काढतात. एक मावशी फक्त वाइन घेतात, कारण वाइन म्हणजे दारू नव्हे. त्यांच्या टेबलावर बारा बाटल्यांपैकी चार मिळतात. कोल्ड्रिंकवाल्यांनाही स्वस्तातले समजू नये. मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्याला राज्याचा व्हॅट लागतो. उलट सप्टेंबर 2025 पासून गोड गॅसवाल्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. सात वर्षांचा भाचा सहा कोला संपवून स्टेजवर ओकतो तेव्हा त्याने राष्ट्राच्या तिजोरीत बऱ्याच मोठ्यांपेक्षा सरळ भर टाकलेली असते.

बाटली कोणती, हे ठरवण्यासाठी बैठक घ्यावी लागते. बैठक वडिलांच्या घराच्या व्हरांड्यात होते. तिला मामा, दोन काका, शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर आणि ‘केटरिंगमधलं कळणारा’ एक चुलत मेहुणा हजर असतो. कोणती व्हिस्की डोके धरते आणि कोणती धरत नाही, याचा निर्णय ऐकीव माहितीवर घेणे योग्य नव्हे, या मुद्द्यावर पहिल्या पाच मिनिटांत एकमत होते. त्यानंतर नमुने तपासले जातात. बैठकीच्या शेवटी ब्रँड ठरलेला नसतो, पण सोळा वर्षांपूर्वीच्या सामाईक भिंतीचा वाद पुन्हा उघडलेला असतो आणि बँक मॅनेजर सोफ्यावर झोपलेले असतात. पुढच्या रविवारी दुसरी बैठक होते. नवरीची आई या बैठकांचा खर्च वेगळ्या वहीत लिहिते. ती वही पुरुषांना दाखवली जात नाही.

“अहो, लग्नाआधीच पाच बाटल्या संपल्या.”

“मग? न तपासता पाहुण्यांना द्यायच्या का?”

ब्रँड ठरला तरी किंमत ठरत नाही. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेण्याचा निर्णय घेतला. 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी 80 रुपये आणि विदेशीसाठी 205 रुपये झाली. मे महिन्यात साखरपुडा करून नोव्हेंबरचा हॉल धरलेल्या घरांची त्यामुळे पंचाईत झाली. व्हिस्की तीच ठेवायची तर केक लहान करावा लागत होता. केक लहान झाला तर फोटोत दिसणार आणि व्हिस्की हलकी आली तर तोंडाला कळणार. बहुतेकांनी शेवटी फुलांवर कात्री चालवली, कारण फुलांची बाजू घेऊन भांडणारा काका कोणत्याच घरात नसतो.

महागाईवरचा उपाय म्हणून दोन नातेवाईक पुढे येतात. पहिला दुबईचा. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटर मद्य आणता येते, त्यामुळे लग्नाचे निमंत्रण पाठवताना आखातातल्या नातेवाइकांची गणना माणसांत न करता लिटरमध्ये होते. जोडपे आले तर चार लिटर. दोन मुलांसह आले तरी चारच, म्हणून मुलांची परीक्षा असल्याचे कळल्यावर यजमानांच्या घरी फारसे वाईट वाटत नाही. कुवेतच्या भावाला आग्रह थोडा कमी होतो. बाटली प्रत्यक्ष हातात येते तेव्हा मात्र ती बारवर जात नाही. ‘ही आपली घरची’ असे म्हणून ती कपाटात कपड्यांखाली सरकते आणि बारच्या अंदाजपत्रकात तिच्यामुळे एका पेगचीही बचत होत नाही. दुसरा नातेवाईक गोव्याचा. “इथे निम्म्या भावात मिळते, मी गाडीतून घेऊन येतो,” असे तो फोनवर सांगतो. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, आणि सिंधुदुर्गात शिरल्या शिरल्या इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे. बांद्र्याला निघालेली पेटी बऱ्याचदा बांद्याजवळच उतरते. तिथून नातेवाइकाचा जो फोन येतो त्यात भावाचा उल्लेख नसतो, वकिलाचा असतो. तेव्हा तिसरा आणि कायदेशीर मार्ग म्हणजे हिल रोडवरचे वाइन शॉप. न उघडलेल्या बाटल्या परत घेण्याचे तोंडी आश्वासन दुकानदार देतो. हे आश्वासन देताना तो हसतो, कारण रिसेप्शननंतर न उघडलेली बाटली त्याने अजून पाहिलेली नाही.

हॉलवाला कॉर्केज मागतो. बाटली यजमानांची, पिणारे यजमानांचे, तरी बूच काढण्याचे पैसे हॉलचे. स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीलाही ते लागतात. याविषयी वाद घालून आजवर कोणी जिंकलेले नाही.

बारचा अंदाज चुकल्याची सर्वांत प्रसिद्ध घटना वांद्र्यातली नाही. ती गालीलातल्या काना गावची आहे आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. भर लग्नात द्राक्षारस संपला. पाहुण्यांत येशू होता आणि त्याची आई होती, म्हणून निभावले. सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस झाला. एका रांजणात 80 ते 120 लिटर मावत असे, तेव्हा आजच्या मापाने सुमारे 640 ते 960 बाटल्या भरल्या. लग्नाच्या मासला हा उतारा पुष्कळदा वाचला जातो. तो ऐकताना समोरच्या बाकावर बसलेले नवरीचे वडील डोळे मिटतात. भाविकांना ते प्रार्थना करताहेत असे वाटते. ते पेट्या मोजत असतात. त्याच अध्यायात भोजनकारभारी नवऱ्या मुलाला म्हणतो की लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात आणि सगळे भरपूर प्यायल्यावर हलका काढतात, तू मात्र चांगला शेवटपर्यंत ठेवलास. यातले पहिले अर्धे वाक्य वांद्र्याच्या बारवाल्यांनी शिस्तीने पाळले आहे. साडेनऊपर्यंत स्कॉचच्या बाटलीत स्कॉच असते. त्यानंतर बाटली तीच राहते. हे ओळखल्याचा दावा करणारा एक जाणकार प्रत्येक रिसेप्शनला असतो. तो आठ वाजताच्या खऱ्या स्कॉचला ‘ही काय खरी नव्हे’ म्हणतो आणि अकराच्या पेगला ‘आता कशी ओरिजिनल काढली’ म्हणून बारवाल्याची पाठ थोपटतो.

प्रत्यक्ष संध्याकाळी अंदाजपत्रकाला पहिला धक्का मापाचा बसतो. पेगमेजर नावाचे स्टीलचे भांडे बारवर येते आणि पहिल्या अर्ध्या तासात नाहीसे होते. ते कोण नेते याचा शोध लागलेला नाही. त्यानंतर माप बोटांवर येते, आणि बोटे बारवाल्याची असली तरी सूचना पाहुण्याची असते.

“स्मॉल की लार्ज?”

“नॉर्मल.”

‘नॉर्मल’ म्हणजे 30 आणि 60 यांच्या बेरजेहून अधिक. एका खंब्यात साडेबारा लार्ज बसतात हे गणित घरी बरोबर होते. नॉर्मल आठच बसतात. दुसरा धक्का नाचाचा. पाहुणा ग्लास टेबलावर ठेवून डान्स फ्लोअरवर जातो. तो परत येईपर्यंत तत्पर वेटरने अर्धा भरलेला ग्लास उचललेला असतो, म्हणून पाहुणा नवा घेतो. वेटर आळशी असेल तर दुसरी अडचण येते: टेबलावर सारखेच सहा ग्लास उभे असतात, आपला कोणता ते कळत नाही, म्हणून पाहुणा तरीही नवा घेतो. ग्रँड मार्च सुरू झाला की अख्खा हॉल एकामागे एक रांगेत निघतो आणि टेबलांवर शंभरेक अर्धे ग्लास पोरके होतात. बँडवाला तरबेज असेल तर तो एका रात्रीत एक पेटी व्हिस्की मोरीत घालवू शकतो, एक थेंब न पिता. पितो तो वेगळा. बँडचे पेग कोणत्याही अंदाजपत्रकात नसतात आणि ट्रम्पेटवाल्याला तहान जास्त लागते हे सर्वांना मान्य आहे. आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याच्या विधीला वाजतगाजत विहिरीवर जाताना बँडला जे लागते तेही बारच्याच पेट्यांतून आगाऊ गेलेले असते. दोन पेट्या हॉलवर पोचतात तेव्हा त्या पावणेदोन असतात.

वेळेचा हिशोबही उलटा चालतो. पत्रिकेवर साडेसात असते, पुष्कळ पाहुणे पावणेनऊला येतात. मोकळ्या मैदानावरचे रिसेप्शन असेल तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. अडीच तासांत आरामात संपायचे ते सव्वा तासात संपवावे लागते, आणि त्यासाठी पाहुण्यांना जे सहकार्य करावे लागते ते ते आनंदाने करतात.

काटकसरीच्या उपायांत ‘कॅश बार’ येतो, पण तो फक्त चर्चेत. “पहिला पेग आपला, पुढचे त्यांचे त्यांनी घ्यावेत” असे एका बैठकीत चुलत मेहुण्याने सुचवले की सगळे त्याच्याकडे बघतात, तो उठून बर्फ आणायला जातो आणि विषय संपतो. कूपनांचा उपाय काही घरांनी खरोखर केला आहे. माणशी दोन कूपने दाराशी मिळतात. साडेआठपर्यंत व्यवस्था सुरळीत चालते. मग बाजार उघडतो. न पिणाऱ्यांची कूपने पिणाऱ्यांकडे वाहू लागतात. सगळ्यांत जास्त साठा अशा एखाद्या आजीकडे जमा होतो जिने आयुष्यात खिमाडापलीकडे काही चाखलेले नसते.

“आजी, दोन कूपनं द्या ना.”

“तुझ्या बापाने माझ्या छत्रीचे पैसे दिले का अजून?”

नऊ वाजेपर्यंत आजीच्या पर्समध्ये 17 कूपने असतात आणि तिच्या खुर्चीभोवती उभे असलेले पुरुष तिची तब्येत अशा काळजीने विचारत असतात की सून चकित होते. छत्रीचे पैसे, 1998 सालची उसनी शिडी आणि एका मुलाचे लांबलेले लग्न, हे तिन्ही विषय त्या रात्री मार्गी लागतात. मद्याची बचत होत नाही. कूपने संपल्यावर लोक सरळ बारवाल्याला नवऱ्या मुलीशी असलेले नाते सांगतात, आणि बारवाला कूपन न घेता भरतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे हॉलमधला प्रत्येक पुरुष नवरीचा सख्खा मामा असतो.

सर्वांत मोठी चूक मात्र बार बंद करण्याच्या घोषणेत होते. एमसी माइकवर “बार दहा मिनिटांत बंद होईल” असे सांगतो. ही सूचना खप कमी करण्यासाठी असते. प्रत्यक्षात जे निघाले होते ते थांबतात, जे थांबले होते ते उठतात आणि ज्याला एकच हवा होता तो दोन घेतो, दुसरा ‘मित्राचा’. मित्र कधीच दिसत नाही. एकूण खपाचा लक्षणीय हिस्सा या दहा मिनिटांत होतो. घोषणाच केली नाही तर बार आपोआप थंडावतो, असे अनुभवी बारवाले सांगतात. पण घोषणा केल्याशिवाय एमसीला आपण मानधन कशासाठी घेतले ते समजत नाही.

हिशोब दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यांच्या डोक्यावर ओला रुमाल असताना होतो. तो दोनच प्रकारे लागतो. कमी पडली तर रात्री दहाला मामाला स्कूटरवरून पाठवलेले असते आणि त्याने आणलेल्या चार बाटल्यांची पावती मिळत नाही, चौथी बाटलीही मिळत नाही. उरली तर ती कोठे गेली ते कळत नाही, पुरे नऊ खंबे शिल्लक असल्याचे रात्री एकला मोजलेले असते, सकाळी दोन असतात आणि घरात आलेला प्रत्येक जण विचारतो, “मी तर काल एकच घेतला, बाकीच्यांनी किती संपवली रे?” सगळ्यांचे ‘एकच’ एकत्र केले तर 180 लार्ज होतात, खपलेल्या बाटल्या त्याहून पुष्कळ जास्त सांगतात. शिल्लक फार राहिली तरी चिंता असतेच. परवान्यावर महिन्याला 12 युनिटांची मर्यादा आहे आणि व्हिस्कीची एक बाटली हे एक युनिट. त्यामुळे वडील ‘कायदा मोडायला नको’ म्हणून संध्याकाळपासून तो साठा मर्यादेत आणायला बसतात. मदतीला बैठकीतले सगळे सभासद येतात. बँक मॅनेजरही.

रिकाम्या बाटल्यांचा निकाल बायका लावतात. भंगारवाला चढवून सांगितलेल्या भावाने व्हिस्कीच्या बाटल्या नेतो; बिअरच्या त्याला मिळत नाहीत. ईस्ट इंडियन घरात एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीसेक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून वर्षाचा बॉटल मसाला करतात आणि तो बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरतात. म्हणून रिसेप्शनला बिअर किती मागवायची, यावर पुरुषांचा जो वाद चालतो त्याचा निकाल पुष्कळदा स्वयंपाकघरात आधीच लागलेला असतो.

“हिरव्या बाटलीवाली घेऊ नका, ब्राऊन घ्या.”

“पण चव—”

“चव तुम्हाला दहाव्या ग्लासाला कळते का? मला पंचवीस बाटल्या लागतील. आणि पोरांना सांगा, बूच दाताने काढायचं नाही. तोंड फुटलं तर चालेल, बाटलीचं नको.”